ट्रॅक सॉ घ्यावा की टेबल सॉ? डेमोत मशीन हातात घेतल्यावर काय पाहावं

घरच्या किंवा छोट्या वर्कशॉपमधल्या प्लायच्या कामासाठी पहिलं मोठं मशीन कुठलं घ्यायचं, एवढाच प्रश्न असेल तर माझं उत्तर सरळ आहे: ट्रॅक सॉ, म्हणजे बोर्डावर ठेवलेल्या रेलवरून हाताने सरकवायचा गोल ब्लेडचा सॉ. सागवानाच्या फळ्या फाडून चौकटी, दारं, बिडिंग करणाऱ्याने मात्र टेबल सॉच घ्यावा, म्हणजे ज्यात ब्लेड टेबलातून वर आलेलं असतं आणि लाकूड त्यावर ढकलायचं असतं. आणि दोन्हींपैकी काहीही घ्या, पैसे मोजण्याआधी कंपनीच्या डेमोला जाऊन मशीन स्वतः चालवा. कॅटलॉगमधल्या वॅट आणि आरपीएमवरून ट्रिगर दाबल्यावर हाताला बसणारा झटका कळत नाही, की टेबल सॉची फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरळ ढकलायचं ती पट्टी, लॉक केल्यावर हलते का तेही कळत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवून जा. डेमोत सगळं मशीनच्या बाजूने मांडलेलं असतं. ब्लेड कोरं, टेबल पातळीत, व्हॅक्युम जोडलेला, प्लाय निवडून आणलेला. म्हणून आपल्या कामातला तुकडा बरोबर न्यावा. मी १९ मिमी प्लायला एका बाजूने सनमायका लावलेला तुकडा नेतो, कारण कापताना कडेचे टवके कुठे उडतात ते सनमायक्यावर लपत नाही. सोबत एक चांगला गुण्या आणि स्टीलची पट्टी. डेमो देणारी मुलं बहुतेक आनंदाने आपला तुकडा कापू देतात. नाहीच दिला, तर ती माहितीही उपयोगाचीच.

आठ बाय चारचा बोर्ड

खरा फरक इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९ मिमीचा पूर्ण बोर्ड ३० किलोच्या वर जातो. टेबल सॉवर तो ढकलायचा तर टेबलच्या पुढे आठ फूट जागा लागते, मागेही आठ फूट, आणि पलीकडून बोर्ड पेलायला दुसरा माणूस किंवा स्टँड. साइटवर नेण्याच्या टेबल सॉचा माथा जेमतेम दोन-अडीच फुटांचा असतो. त्यावर एवढा बोर्ड फेन्सला चिकटवून सरळ नेणं अनुभवी हातालाही जड जातं, आणि बोर्ड जरा तिरका झाला की ब्लेडमध्ये अडकून उलटा अंगावर येतो. डेमोत हे दिसत नाही, कारण तिथे टेबल सॉवर दोन फुटांचे तुकडेच कापून दाखवतात.

ट्रॅक सॉमध्ये हिशेबच उलटा आहे. बोर्ड जागेवर राहतो, मशीन फिरतं. जमिनीवर जाड थर्मोकोल किंवा टाकाऊ प्लाय अंथरायचा, त्यावर बोर्ड, बोर्डावर रेल. ब्लेडची खोली जाडीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त ठेवायची. आपल्याकडे सुतार पूर्वीपासून जमिनीवर बसून काम करत आला आहे, त्यामुळे ही पद्धत लगेच अंगवळणी पडते. मकिताचा एसपी६००० घ्या किंवा बॉशचा जीकेटी ५५ जीसीई, ब्लेड दोन्हींचं १६५ मिमीचं आणि कापाची खोली ५५ मिमीच्या वर. प्लाय, ब्लॉकबोर्ड, फ्लश डोअर सगळं यात बसतं.

कापाची कड दोन्ही मशीनवर वेगळी निघते, आणि डेमोत ती नखाने चाचपून बघावी. टेबल सॉचे दात वरून खाली जातात, म्हणून टवके खालच्या बाजूला उडतात आणि चांगली बाजू वर ठेवायची असते. हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून टवके वर. ट्रॅक सॉही तसाच कापतो, पण रेलच्या कडेला असलेली रबरी पट्टी प्लाय दाबून धरते, त्यामुळे रेलखालची कड स्वच्छ निघते. रेलबाहेरची, म्हणजे टाकून द्यायच्या तुकड्याची कड तेवढी सुरेख येत नाही. डेमो देणारा बहुधा रेलखालचाच तुकडा हातात देतो, दुसराही मागून घ्या. मकितात पहिला फेरा फक्त दोन मिमी खोल मारायची सोय आहे. सनमायक्यावर तिचा फरक नखालाच कळतो.

सरळपणा तपासायला एक साधी युक्ती आहे. एकाच रेलवर दोन तुकडे कापा आणि रेलखालच्या त्या दोन कडा एकमेकींना भिडवून उजेडासमोर धरा. रेलमध्ये बाक असेल तर तो दुप्पट होऊन दिसतो. ब्लेड काटकोनात आहे का हे बघायला कापलेल्या दोन तुकड्यांपैकी एक पालथा घालून कड जोडा. कोन जरा चुकला असेल तर इंग्रजी व्हीसारखी फट दिसेल. ही दुसरी चाचणी टेबल सॉलाही चालते.

पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या पट्ट्या

इथे टेबल सॉला तोड नाही. ४० मिमीच्या वीस पट्ट्या हव्यात? फेन्स एकदा लावली की वीसच्या वीस सारख्या निघतात. ट्रॅक सॉवर प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना माप घ्यायचं, रेल लावायची, आणि पट्टी अरुंद असेल तर रेलला खालून आधार देण्यासाठी तेवढ्याच जाडीचा दुसरा तुकडा शोधायचा. दिवसभर लिपिंगच्या, म्हणजे प्लायच्या कडेला लावायच्या पट्ट्या पाडणारा माणूस याला कंटाळेल, आणि त्याचं कंटाळणं बरोबर आहे. सागवानासारख्या जाड लाकडातही टेबल सॉच पुढे.

मात्र टेबल सॉची किंमत त्याच्या फेन्समध्ये असते. डेमोत प्लग काढायला सांगा, फेन्स लॉक करा, ब्लेडच्या पुढच्या दातापासून आणि मागच्या दातापासून फेन्सचं अंतर मोजा. मग फेन्सच्या शेपटाला बोटाने दाबा. हलली, तर त्या मशीनचा विचार सोडा. डिवॉल्टच्या डीडब्ल्यूई७४९१ सारख्या मॉडेलात फेन्स दात्यांच्या पट्टीवर पुढे-मागे एकदम सरकते. ती हाताने सरकवून बघण्यासारखी आहे.

बोटांचा प्रश्न

बघणाऱ्यांना ब्लेड दिसावं म्हणून कधी कधी डेमोत गार्ड काढलेला असतो. तो लावून कापायला सांगा आणि गार्डसकट हात कुठून जातो ते पाहा. ब्लेडमागचा पातळ पोलादी पडदा, म्हणजे रायविंग नाइफ, कापलेली फट मिटू देत नाही. ती मिटली की लाकूड ब्लेडला आवळतं आणि मागे उडतं. प्लायला भोक पाडून खालून उलटा बसवलेला कटर आपल्याकडे पुष्कळ साइटवर दिसतो. त्यात ना गार्ड, ना हा पडदा. स्वस्त पडतो म्हणून तो पर्याय मी कुणालाच सुचवणार नाही.

स्टीव्ह गास यांनी शोधलेल्या सॉस्टॉप या टेबल सॉमध्ये ब्लेडला अंग लागलं की ते काही मिलिसेकंदांत थांबतं. डेमोत बोटाऐवजी हॉट डॉगचं सॉसेज लावून दाखवतात ते हेच. २०१७ मध्ये ही कंपनी फेस्टूल या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ उद्योगसमूहाने घेतली. ब्रेक एकदा लागला की ब्रेकची काडतूस बदलावी लागते आणि ब्लेडही बहुधा निकामी होतं, पण बोटापुढे तो खर्च काहीच नाही. सर्वसाधारण टेबल सॉमध्ये ही सोय नसते, तेव्हा विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ट्रॅक सॉमध्ये ब्लेड आवरणात असतं आणि दोन्ही हात मुठींवर असतात, म्हणून नवख्या माणसाला मी तोच देतो.

चार इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून काम होतंच की, असं अनेक जण म्हणतात. होतं. पण तो कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारतो, ट्रॅक सॉ साधारण त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. शिवाय कटरचं ब्लेड खालून उघडंच राहतं.

वीज, भुसा आणि बिलात न दिसणारे खर्च

१३०० वॅटचा ट्रॅक सॉ २३० व्होल्टवर साडेपाच-पावणेसहा अँपिअर घेतो. २००० वॅटचा टेबल सॉ पावणेनऊच्या आसपास. म्हणजे टेबल सॉला १५-१६ अँपिअरचा सॉकेट हवाच, बेडरूममधल्या छोट्या सॉकेटवर तो लावू नये. भुशाकडेही गंभीरपणे पाहा. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. डेमोत व्हॅक्युम बंद करून एक काप मारायला सांगा, म्हणजे आपल्या खोलीत काय होईल ते दिसेल. ट्रॅक सॉचा बहुतेक भुसा एका नळीतून निघतो. टेबल सॉमध्ये खालून ओढला तरी वरून उडतोच.

ट्रॅक सॉच्या किमतीत रेल धरलेली असतेच असं नाही, हे आधी विचारा. दीड मीटरच्या आतली रेल चार फुटांच्या कापाला पुरते, आठ फुटांसाठी अशा दोन जोडाव्या लागतात. तीन मीटरची एकसंध रेल जास्त चांगली, पण ती सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही. जोडलेली रेल दर वेळी स्टीलच्या पट्टीने सरळ करून घ्यावी लागते, तर डेमोत ती जोडणी स्वतः करून बघा. शेवटी कार्बन ब्रश, ब्लेड आणि रबरी पट्टी तुमच्या गावात कुठल्या दुकानात मिळते आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, ते डीलरकडून लिहून घ्या.