हॅमॉक घेताना पन्हा नाही, लांबी बघा: 19 रात्रींनंतरचा अनुभव

पहिला हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायची कापडी झोळी, आम्ही नोव्हेंबरात ऑनलाइन मागवला, दुसरा जानेवारीत शिवून घेतला. जूनच्या पावसापर्यंत दोन्ही मिळून 19 रात्री काढल्या. बहुतेक बेळगावच्या बाजूला, जांबोटीजवळ मामांच्या काजूच्या बागेत, तीन कणकुंबीला आत्तीच्या परड्यात, दोन राकसकोपच्या अलीकडे ओळखीच्यांच्या शेतात. भीमगडच्या बाजूला कुठेही आपल्या मनाने झाडाला दोरी बांधायला जाऊ नये. 2011 पासून ते अभयारण्य आहे आणि गवे, अस्वलं खरोखर फिरतात. म्हणून जागा कायम कुणाच्या तरी मालकीची, घरापासून हाकेच्या अंतरावर.

माझी उंची 5 फूट 2 इंच, नवऱ्याची 5 फूट 11. हा नऊ इंचांचा फरक होता म्हणूनच मापाचं कोडं सुटलं. दोघं सारख्या उंचीचे असतो तर पहिल्याच हॅमॉकवर एक तर खूश राहिलो असतो, नाही तर हॅमॉकमध्ये झोप लागतच नाही असं म्हणून नाद सोडला असता.

दुकानाच्या पानावर ठळक अक्षरांत दोनच गोष्टी होत्या: 'डबल' आणि 200 किलो. डबल म्हणजे ऐसपैस, असं समजून घेतला. घरी टेप लावला तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साडेसहा फूट आणि लांबी जेमतेम पावणेनऊ. मी बेळगावच्या वडगावात वाढले, घरात माग होता, कापड दिसलं की आधी पन्हा विचारायची सवय. इथे तीच सवय नडली.

पहिल्या रात्री मला बरी झोप लागली. नवरा मात्र तीन वाजता उठून गाडीत जाऊन बसला. गुडघे मागच्या बाजूला दाबले जात होते, खांदे दोन्हीकडून आवळले होते आणि पाठीचं केळं झालं होतं. माझ्या मनात आलं, कापड सैल बांधलं असेल. दुसऱ्या रात्री ताणून बांधलं, तर आणखी वाईट. ताणलं की कडा घट्ट होऊन अंगावर चढतात, शरीर मधल्या खोबणीत अडकतं. शिवाय झाडाला बांधायच्या पट्ट्यांवरचा भार भलताच वाढतो. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांत उतरत असेल तर प्रत्येक झाडाकडे साधारण झोपणाऱ्याच्या वजनाइतकाच ओढ बसतो. नवरा 78 किलोचा, म्हणजे 78 किलो. तोच कोन 15 अंश केला की ओढ दीडशे किलोपर्यंत जातो. काजूचं कोवळं झाड तेवढ्याने वाकताना मी डोळ्यांनी पाहिलं.

खरी मेख अशी की हॅमॉकमध्ये सरळ, मधल्या रेषेवर झोपायचंच नसतं. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला असं तिरकं झोपायचं. मग कापड अंगाखाली पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये घरोघरी लोक हॅमॉकमध्येच झोपतात, तेही तिरकेच. पण तिरकं झोपायला कापडाला लांबी लागते. आखूड हॅमॉकमध्ये नवरा तिरका झाला की पोटऱ्यांखाली कापडाची एक कडक पट्टी उभी राहायची, खाटेचा दांडा टोचावा तशी. पाय तिच्यावर ठेवले तर टाचा अधांतरी, खाली ठेवले तर गुडघे मुडपलेले. पन्हा साडेसहा फूट असून त्याचा उपयोग शून्य. उलट जास्तीचं कापड तोंडावर फडफडत राहायचं.

अनुभवी लोक जो अंदाज धरतात तो आम्हाला तंतोतंत लागू पडला: आपली उंची अधिक चार फूट, ही कापडाची किमान लांबी. माझं गणित 9 फूट 2 इंच, म्हणून पावणेनऊत माझं थोडक्यात भागलं. नवऱ्याचं 9 फूट 11 इंच, म्हणून त्याला एक फुटाहून जास्त कमी पडत होतं. याहून एखादा फूट जास्त असेल तर सुख वाढतंच, वजन मात्र मूठभरच वाढतं.

तेवढ्या लांबीचा तयार हॅमॉक फार महाग दिसला. मग विचार केला, हे आहे तरी काय? एक लांब कापड, दोन्ही टोकांना नेफा, नेफ्यातून दोरी ओवून चुण्या घट्ट आवळायच्या. घरात बाळासाठी लुगड्याची झोळी बांधतो त्यापेक्षा फार वेगळं नाही. नायलॉनचं रिपस्टॉप, म्हणजे चौकटीच्या विणीचं, सहज न फाटणारं कापड मागवलं. त्याचा पन्हा पाच फुटांच्या आसपास येतो आणि एका माणसाला तेवढा पुरतो. लांबी आपण म्हणू तेवढी कापून मिळते. चार वार, म्हणजे बारा फूट घेतलं. नेफे आणि दुमड जाऊन 11 फूट उरलं. शहापूरच्या शिंप्याने प्रत्येक नेफ्यावर तीन शिवणी मारल्या. उभ्या कडांना बारीक दुमड पुरते, पण नेफ्यावर सगळा जीव टांगलेला असतो, तिथे दोरा पॉलिएस्टरचाच हवा. सुती दोरा वापरू देऊ नका.

जानेवारीच्या शेवटी जांबोटीला नवरा त्यात सलग सहा तास झोपला. सकाळी पाठीबद्दल एक शब्द बोलला नाही. मला त्यावरूनच कळलं.

या 11 फुटी हॅमॉकवर मी दोन टोकांना जोडणारी एक वरची दोरी कायमची बांधून टाकली आहे. तिची लांबी हॅमॉकच्या साधारण 83 टक्के, म्हणजे आमच्या बाबतीत 9 फूट 1 इंच. तिच्यामुळे झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकचा झोल दर वेळी तोच येतो. आधी दर रात्री अर्धा तास बांध-सोड चालायची, आता दहा मिनिटांत काम. झाडं 13 ते 15 फुटांवर असली, पट्टे डोक्याइतक्या उंचीवर बांधले, की बसल्यावर कापड खुर्चीइतक्या उंचीवर येतं. पायाकडची बाजू वीतभर वर ठेवतो, नाही तर रात्रीत माणूस हळूहळू पायाकडे घसरतो. पट्टे किमान दोन बोटं रुंद हवेत. बारीक दोरी साल कापते आणि झाड दुसऱ्याचं असतं.

आता तक्रारी. नायलॉन ताणतं. पहाटे दव पडलं की आणखी ताणतं, संध्याकाळी खुर्चीइतकं असलेलं सकाळी पाटाइतकं झालेलं असतं. पुन्हा शिवला तर पॉलिएस्टर घेईन. दुसरं, कापड एकपदरी असल्याने डास खालून चावतात. वरून मच्छरदाणी कितीही नीट लावा, पाठ कापडाला टेकलेली असते तिथे त्यांना वाट मिळते. दोनपदरी शिवलं असतं तर हेही टळलं असतं आणि दोन पदरांमध्ये चटई सरकवता आली असती.

कारण थंडी हा विषय मोठा आहे. डिसेंबरात बागेत पहाटे 13 अंश होतं, अंगावर जाड पांघरूण होतं, तरी पाठ आणि कंबर गारठून गेली. अंगाखाली दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही, आणि खालून वारा सतत फिरत असतो. जमिनीवर झोपणाऱ्याला हा त्रास इतका होत नाही. फोमची चटई घातली तर ऊब मिळाली, पण ती रात्री दोनदा निसटली. मग मामींची जुनी वाकळ हॅमॉकच्या खालून, बाहेरच्या बाजूने, चारी कोपऱ्यांना इलॅस्टिकने बांधली. कापडाला हलकेच टेकेल इतकी वर. मामी कंदील घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे काय करूलालाय ग? वाकळ अंगावर घ्यायची सोडून खाली टांगताय?" त्या रात्री पहिल्यांदा पाठ ऊबदार राहिली. वाकळ जड आहे, गाडी जवळ असेल तरच हे जमतं. पाठीवर सामान घेऊन चालायचं असेल तर खालून बांधायची हलकी रजई घ्यावी लागेल, आणि तीही हॅमॉकच्या लांबीला शोभेल अशी. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरली तरी चालते, पायांखाली उशी टाकता येते.

लांबी वाढली की ताडपत्रीचंही गणित बदलतं, हे मला मे महिन्यात कणकुंबीला वळिवाने दाखवलं. आमची ताडपत्री 10 बाय 10. कडा दोरीला समांतर ठेवल्या तर 9 फुटी दोरीच्या दोन्ही टोकांना जेमतेम अर्धा फूट सावली उरते, आणि तिरका पाऊस थेट चुण्यांवर येतो. नवरा पायाकडून भिजला. दुसऱ्या संध्याकाळी तीच ताडपत्री कोपऱ्यावर फिरवून लावली. कर्णाची लांबी 14 फूट मिळते, टोकं झाकली जातात, पण बाजू उघड्या पडतात. चोर्ला घाटाकडून वारा आला तर तेही अपुरं. बारा फुटी ताडपत्री हवीच. पट्ट्यांवरून ओघळणारं पाणी आत येऊ नये म्हणून हॅमॉकच्या अलीकडे सुती दोऱ्याचा तुकडा बांधून लोंबता सोडतो, पाणी तिथूनच गळून जातं.

काजूला आणि आंब्याला तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी असतात. बांधण्याआधी वर बघाच. पट्टा म्हणजे त्यांच्यासाठी पूल.

जुना पावणेनऊ फुटी हॅमॉक मी टाकलेला नाही. त्यात मी झोपते, दुपारी मामांची नात झोपते, आणि पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या कुणालाही तो मी विश्वासाने देईन. माझा भाचा 6 फूट 1 इंचाचा आहे, दिवाळीनंतर आमच्याबरोबर येणार म्हणतोय. त्याच्यासाठी पॉलिएस्टरचं कापड सांगून ठेवलंय, दोनपदरी, प्रत्येक पदर सव्वाचार वार.