वाड्याची मापं: लेझर स्कॅन, फोटो की टेप?

जुन्या वाड्याची दुरुस्ती काढली की आधी मापांवर घोडं अडतं. माजघराचे दोन्ही कर्ण मोजून पाहा, चार बोटांचा फरक सहज निघतो. काटकोन गृहीत धरून काढलेला नकाशा मग जिन्यापाशी येऊन जुळेनासा होतो.

लेझर स्कॅनर इथे खरा कामाला येतो. तिवईवर फिरत तो लाखो बिंदूंची अंतरं टिपतो आणि खोलीच्या आत चूक काही मिलिमीटरचीच राहते. खांब किती कलला, तुळई मधोमध किती झुकली, भिंतीला कुठे पोट आलं, सगळं उघड दिसतं. पोटमाळ्याच्या अंधारातही तो चालतो. मात्र आरसा, काच, ओली फरशी यांवर फसतो आणि खिशाला जड जातो.

फोटोग्रामेट्रीला, म्हणजे अनेक फोटो सॉफ्टवेअरने जुळवून त्रिमितीय मॉडेल बनवायला, साधा कॅमेराही पुरतो. लागोपाठच्या फोटोंचा साठ ते ऐंशी टक्के भाग सामाईक हवा. सुरूचे खांब, महिरपीतली केळफुलं, लाकडाचा रंग हे सगळं फोटोंतून फार सुंदर उतरतं. कोऱ्या, चुना दिलेल्या भिंतीवर मात्र सॉफ्टवेअर गोंधळतं. शिवाय टेपने मोजलेलं निदान एक अंतर त्याला द्यावंच लागतं, नाहीतर मॉडेलला मापच नसतं. काही फोनमध्ये असलेला लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा छोटा सेन्सर, पाचेक मीटरपर्यंत पोचतो. अंदाजपत्रकासाठी ठीक, सांधा बसवायला नाही.

म्हणून टेप अडगळीत टाकू नका. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 साली लेझर स्कॅन केलं होतं. 2019 च्या आगीनंतर ते मोलाचं ठरलं. पण जळालेला लाकडी सांगाडा पुन्हा उभारताना दोन वास्तुविशारदांनी 2014 मध्ये हाताने मोजून काढलेली रेखाटनंही तितकीच उपयोगी पडली. स्कॅनला पृष्ठभाग दिसतो. खाचेत बसलेलं लाकडाचं कूस आणि आतून वाळवीने पोखरलेलं टोक त्याला दिसत नाही, तिथे टोच्या आणि सुताराचा हातच लागतो.

माझं मत विचाराल तर, तुळया-खांब बदलायचे असतील तर लेझरचे पैसे वाचवू नका. नुसती नक्षी आणि दर्शनी भाग नोंदवायचा असेल तर फोटो पुरेत. एकच मजला, चार खण असतील तर टेप आणि कर्णांची मापं भागवतात. लेझरचं काम दिलंत तर नकाशांबरोबर मूळ बिंदूंचा डेटा ई57 या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फॉरमॅटमध्ये मिळेल, हे आधीच लेखी घ्या. पुढच्या पावसाळ्यानंतर भिंत आणखी सरकली का, हे त्याच डेटाशी ताडून पाहता येतं.