निळ्या एलईडीचा जेल टँक : काही महिन्यांच्या वापरानंतर

जेल रन करायचा, म्हणजे डीएनएचे तुकडे विजेने जेलमधून पळवून आकाराप्रमाणे वेगळे करायचा टँक, आणि ते पाहायचा दिवा, दोन्ही एकाच यंत्रात. खाली निळे एलईडी, मध्ये टँक, वर नारिंगी झाकण. आमच्या लॅबमध्ये हे पावसाळ्याआधी आलं आणि तेव्हापासून जवळपास रोज वापरात आहे.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे डीएनए पळताना दिसतो. फॉस्फेटमुळे त्याच्यावर ऋण भार असतो, म्हणून वीज सुरू केली की तो धन टोकाकडे निघतो. अगारोजच्या (ज्याचं जेल बनतं त्या पदार्थाच्या) जाळीतून लहान तुकडे पुढे सटकतात, मोठे मागे रेंगाळतात. हे इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवत होतो. आता एमएस्सीची मुलं टँकभोवती उभी राहून लॅडरचे (माहीत असलेल्या आकारांच्या तुकड्यांचे) पट्टे एकमेकांपासून सुटताना बघतात आणि प्रश्नही जास्त नेमके विचारतात. पूर्वी अंदाजाने जेल काढायचं, यूव्ही (अतिनील) दिव्यावर न्यायचं, पट्टे सुटले नसतील तर पुन्हा टँकमध्ये ठेवायचं. आता ८०० आणि १००० बेस पेअरचे (डीएनएची लांबी मोजायचं एकक) पट्टे वेगळे दिसले की तिथेच बंद करतो.

पण पैसे मोजावेत ते क्लोनिंगसाठी (डीएनएचा तुकडा कापून, दुसऱ्या डीएनएला जोडून जिवाणूंत वाढवण्यासाठी), असं माझं स्पष्ट मत आहे. एथिडियम ब्रोमाइड या डीएनए चमकवणाऱ्या रंगाचं जेल आपण बहुतेक ३०२ नॅनोमीटरच्या यूव्हीवर पाहतो. तीच यूव्ही डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन हे घटक एकमेकांना जोडून टाकते. ब्लेडने पट्टा नीट कापायला जरा वेळ लागला, तर तुकडा दिसायला तसाच राहतो, पण लायगेशन (तुकड्याची जोडणी) करून जिवाणूंची प्लेट लावली की कॉलनी (जिवाणूंचे ठिपके) मोजक्याच येतात. निळा प्रकाश ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि डीएनए तो शोषत नाही. जेलमध्ये सायबर सेफ हा रंग टाकला की पट्टे हिरवे चमकतात. नारिंगी झाकण निळा प्रकाश अडवतं आणि हिरवा तेवढा डोळ्यापर्यंत येतो. यूव्हीसाठी लागणारी फेसशील्ड नको, कापताना घाई नको. आमच्या कॉलन्या डोळ्यांना जाणवण्याइतक्या वाढल्या. हातमोजे मात्र सोडू नका, आणि तुकडा कापून घ्यायचा असेल तर बफर (टँकमधलं द्रावण) टीएईच ठेवा. टीबीई या दुसऱ्या बफरमधला बोरेट पुढे एन्झाइमला त्रास देतो.

आता खटकलेल्या गोष्टी. जेल तापलं की झाकणाच्या आत वाफ धरते आणि नेमकं बघायच्या वेळी सगळं धूसर होतं. दर वेळी झाकण काढून पुसावं लागतं, आणि त्यासाठी आधी वीज बंद करावी लागते. नमुन्यात मिसळलेल्या ब्रोमोफिनॉल ब्लू रंगाचा गडद डाग साधारण ३०० ते ५०० बेस पेअरच्या जागी पडतो, त्याखाली फिका पट्टा असेल तर दिसतच नाही. आम्ही त्या आकाराच्या पीसीआरसाठी (पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) ऑरेंज जी हा रंग वापरायला लागलो, तो बराच पुढे निघून जातो. दिवा सतत चालू ठेवला तर चमक उतरते, म्हणून अधूनमधून लावून बघायचा. आणि ज्यांच्याकडे अजून एथिडियम ब्रोमाइडचाच साठा आहे, त्यांची निराशा होईल. निळ्या प्रकाशात ते फार मंद दिसतं.

वीज गेली की यंत्र थांबतं आणि परत आली तरी आपोआप सुरू होत नाही. तोवर पट्टे जागच्या जागी पसरून फुगतात. आमच्याकडे ते इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं आहे. सुरू केल्यावर तारांवरचे बुडबुडे बघूनच टेबल सोडायचं, हा नियम मुलांना लावून दिला आहे. ऋण तारेवर हायड्रोजन सुटतो, तो धन तारेवरच्या ऑक्सिजनच्या दुप्पट. त्यामुळे तार उलटी जोडली असेल तर तेही लगेच कळतं.

घेणार असाल तर विक्रेत्याला आधी विचारा की झाकण आणि प्लॅटिनमची तार सुटी मिळते का. आमच्या झाकणाला तडा गेला, तेव्हा नवीन यायला कित्येक आठवडे गेले. जुना यूव्ही बॉक्स आम्ही अजून काढलेला नाही. अगदी कमी डीएनए असलेले नमुने तपासायला, जिथे कापायचं काहीच नसतं, तिथे तो चालतो.