‘ब्युटी अँड द बीस्ट’: कोक्तोचा पाहावा की हेर्त्सचा?

डिस्नेच्या कार्टूनच्या पुढे जाऊन ही गोष्ट मोठ्यांच्या सिनेमात पाहायची असेल, तर दोन जुने युरोपीय सिनेमे हमखास समोर येतात. झाँ कोक्तोचा फ्रेंच ‘ला बेल ए ला बेत’ १९४६ चा, कृष्णधवल. युराय हेर्त्सचा चेकोस्लोव्हाकियातला ‘पान्ना अ नेत्वोर’ १९७८ चा. तो रंगीत आहे, पण त्यातले रंग चिखलाचे, काजळीचे आणि रक्ताचे. गोष्ट तीच: व्यापारी बाप श्वापदाच्या वाड्यात गुलाब तोडतो आणि त्याचा जीव वाचावा म्हणून धाकटी लेक तिथे जाते. दोन्ही दीड तासाच्या आसपास संपतात. निवड करायची ती भीती किती सोसवते, यावर.

कोक्तो सुरुवातीलाच प्रेक्षकाकडे लहान मुलाचा भाबडेपणा मागून घेतो. तो आपण दिला, की पुढे मागे वळून बघावं लागत नाही. भिंतीतून बाहेर आलेले माणसांचे हात मेणबत्त्या धरून उभे असतात आणि बाप पुढे सरकेल तशा त्या आपोआप पेटत जातात. पांढरे पडदे उडणाऱ्या बोळातून बेल, म्हणजे ती धाकटी लेक, पाऊल न उचलता तरंगत येते. आज संगणकावर काहीही दाखवता येतं, तरी या दृश्यांची जादू ओसरलेली नाही, कारण हे सगळं कॅमेऱ्यासमोर खरोखर घडलेलं आहे. आणि घडलं कधी, तर १९४५ मध्ये, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना. फिल्मची टंचाई, मध्येच जाणारी वीज, त्यात त्वचारोगाने कोक्तोच इस्पितळात. आंरी आलेकांचं छायाचित्रण पाहताना यातलं काही जाणवत नाही.

झाँ मारेचा श्वापद केसाळ आहे, पण डोळे माणसाचे. शिकारीचा वास लागला की त्याचे कान टवकारतात. जीव घेतल्यावर हातांतून धूर निघतो आणि त्याच अवस्थेत तो बेलच्या दाराशी येतो, लाजेने चूर. भयपट म्हणून हा सिनेमा सौम्यच, पण ही लाज कुठल्याही किंकाळीपेक्षा खोल जाते.

हेर्त्स असा हात धरून आत नेत नाही. ‘द क्रिमेटर’ हा काळाकुट्ट सिनेमा त्याने १९६९ मध्ये केला होता आणि परीकथेलाही त्याने तोच अंधार दिला. धुक्यातलं जंगल, चिखलात रुतलेल्या मालाच्या गाड्या, पेत्र हाप्काचं ऑर्गन. वाडा जीर्ण, धुळीने भरलेला. श्वापदाला आयाळ नाही, पक्ष्याचं डोकं आहे. चोच, काळी पिसं, नखं. पहिल्यांदा पाहताना ते रूप अंगावर येतं. ही भूमिका व्लास्तिमिल हारापेस या बॅले नर्तकाने केली आहे, त्यामुळे मुखवट्याआड चेहरा झाकलेला असूनही खांदे आणि हात बोलतात. मुलीला मारून टाक, असं त्याच्या आतला आवाज त्याला सतत सांगत असतो. युली, म्हणजे इथली धाकटी लेक, मात्र त्याला न पाहता, नुसता आवाज ऐकून त्याच्याकडे ओढली जाते. हळूहळू त्याची नखं जाऊन माणसाचे हात येतात, आणि प्रेम कुठवर आलं ते आपल्याला त्या हातांवरून कळतं.

म्हणूनच प्रेमकथा म्हणून मला हेर्त्सचा सिनेमा जास्त पटतो. कोक्तोकडे बेलचं मन कधी वळलं ते नीटसं उमजत नाही. बेल झालेली जोझेत दे दिसते सुंदर, पण शिल्पासारखी दूरची. शेवटी श्वापदाचा राजपुत्र होतो तेव्हा दोन्हीकडे थोडा हिरमोड होतोच. कोक्तोला तो हवाच होता: बेलने नाकारलेल्या आव्हनां या तरुणाचाच चेहरा त्याने राजपुत्राला दिला आणि दोन्ही भूमिका मारेलाच करायला लावल्या.

घरात आठ-दहा वर्षांची मुलं सोबत बसणार असतील, तर कोक्तोच लावा. सबटायटल्स वाचून दाखवावी लागतील तेवढीच. हेर्त्सचा त्यांच्यासमोर नको, सुरुवातीच्या जंगलातच ती घाबरतील. भयपटांची सवय असलेल्या दोघांनी रात्री पाहायला मात्र हेर्त्सचाच, आणि तोही दिवे घालवून, कारण त्यातली निम्मी दृश्यं इतकी काळोखी आहेत की उजेडाच्या खोलीत पडद्यावर आपलाच चेहरा दिसत राहील. दोन्ही पाहणार असाल तर आधी कोक्तो घ्या. तो पाहिल्यावर हेर्त्सने काय काय मोडून टाकलं ते लख्ख दिसतं.