आलिशान गाडीची सीट: चामडं की सिंथेटिक?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘लेदर सीट’ म्हटलं तरी बहुतेक गाड्यांत खरं चामडं फक्त अंग टेकतं तिथेच असतं. सीटची पाठ आणि कडा बऱ्याचदा व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या नकली चामड्याच्या असतात. शिवाय त्या चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर असतो. म्हणून तेल चोळून चामडं ‘मऊ’ होत नाही, वरचा थर फक्त चिकट होतो आणि धूळ धरतो.

चामडं पहिल्यांदा खराब होतं ते चालकाच्या सीटच्या दाराकडच्या उंच कडेवर. चढता-उतरता तिथेच घासलं जातं, रंग उडतो, मग चिरा पडतात. पण ते दुरुस्त होतं: साफ करा, बारीक सँडपेपर फिरवा, चिरा फिलरने भरा, रंग द्या, वर संरक्षक थर.

सिंथेटिकमध्ये दोन जाती, व्हिनाइल आणि पॉलियुरेथेन, आणि हा फरक महत्त्वाचा. मर्सिडीजच्या सीटवरचं जुनं नकली चामडं, एमबी-टेक्स, व्हिनाइलचं. ते दणकट, मात्र वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्यातला मऊपणा देणारा घटक निघून जातो आणि ते कडक होतं. पॉलियुरेथेनचं कापड हाताला जास्त चामड्यासारखं लागतं, पण दमट हवेत त्याचा थर पापुद्र्यासारखा सुटू शकतो. तसं झालं की रंगकाम टिकत नाही, तो भाग बदलावाच लागतो.

उन्हात दोन्ही तापतात. छिद्रं असलेली, हवा खेळवणारी सीट मिळत असेल तर तीच घ्या. लहान मुलं, पाळीव प्राणी असतील तर आमचं मत व्हिनाइललाच. जीन्सचा निळा डाग मात्र दोघांनाही लागतो. सौम्य क्लीनर, मऊ ब्रश आणि लगेच पुसणं.