स्वागत उत्तम, विषयनोंदणी कच्ची: अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ओरिएंटेशनचा अभिप्राय

माझ्या मुलीने यंदा अमेरिकेतील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. तेथे ओरिएंटेशनसाठी, म्हणजे नवागतांच्या ओळख-कार्यक्रमासाठी, स्वतंत्र शुल्क घेतले जाते, त्यामुळे खोलीवाटप आणि विषयनोंदणी धरून या संपूर्ण व्यवस्थेकडे विकत घेतलेली सेवा म्हणून पाहणे मला रास्त वाटते.

खोलीवाटप ही या सेवेची सर्वांत उजवी बाजू आहे. अर्जासोबतच्या प्रश्नावलीत झोपण्याची वेळ, स्वच्छतेच्या सवयी, पाहुण्यांची ये-जा, अभ्यासाला शांतता लागते की नाही, असे नेमके प्रश्न होते आणि जोडीदारीण निवडताना ती उत्तरे खरोखरच विचारात घेतलेली दिसली. (ही प्रश्नावली मुलांना एकट्याने भरू द्यावी, पालक शेजारी बसले की प्रत्येक मूल रात्री दहाला झोपणारे निघते.) राहायला गेल्यावर वसतिगृहातील ज्येष्ठ विद्यार्थी-सहायकाने दोघींना समोरासमोर बसवून खोलीच्या वापराचा लेखी करार करून घेतला. मात्र हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह बंद राहते, ही परदेशी विद्यार्थ्यांसाठी अत्यंत महत्त्वाची बाब निवास-कराराच्या शेवटच्या पानांत दडलेली होती, आणि ओरिएंटेशनमध्ये तिचा उल्लेखही झाला नाही.

परिसराची फेरी, ग्रंथालय, सुरक्षा आणि विद्यार्थी मंडळांची ओळख हे सर्व नीटनेटके होते. पालकांसाठीचे ऑनलाइन सत्र अपेक्षेपेक्षा स्पष्टवक्ते निघाले. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या फेर्पा या अमेरिकी कायद्यानुसार विद्यार्थी महाविद्यालयात दाखल होताच, मग त्याचे वय काहीही असो, शैक्षणिक नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात. त्यामुळे फी आपण भरतो म्हणून गुण विचारायला फोन केल्यास उत्तर मिळणार नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. काही पालकांना ते रुचले नाही, पण नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

विषयनोंदणीबाबत मात्र माझे मत प्रतिकूल आहे. जुने विद्यार्थी आपली नोंदणी वसंत सत्रातच करून मोकळे होतात, उरलेल्या जागा नवागतांना ओरिएंटेशनच्या तुकडीच्या क्रमाने मिळतात, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपूर्वी ३० दिवसांहून आधी देशात प्रवेशच मिळत नसल्याने त्याची तुकडी साहजिकच शेवटची ठरते. प्रत्येक तुकडीसाठी काही जागा राखून ठेवणे शक्य असते, पण या विद्यापीठाने तसे केले नव्हते. परिणामी, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सर्व गट तिची पाळी येण्याआधीच भरले होते. त्यातच लसीकरणाचा दाखला कार्यालयात पोहोचूनही नोंदवला गेला नव्हता, म्हणून तिच्या खात्यावर होल्ड, म्हणजे नोंदणीला तात्पुरती रोख, लागला आणि तो निघेपर्यंत उरलेसुरले पर्यायही गेले.

सल्लागारांचा सल्लाही अपुरा वाटला. मोठ्या गटामागे एकच सल्लागार, त्यातही वेळ दिवसाच्या अखेरची, म्हणून ‘सत्राला १२ क्रेडिट पुरेत’ एवढे सांगून काम उरकले गेले (क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासभाराचे एकक). व्हिसाच्या नियमापुरते ते खरे आहे. पण पदवीला साधारण १२० क्रेडिट लागत असल्याने आठ सत्रांत ती पूर्ण करायची तर सरासरी १५ क्रेडिट घ्यावे लागतात, आणि जादा सत्राचा खर्च अखेर कुटुंबावरच पडतो. प्रतीक्षायादीतला विषय त्या १२ मध्ये धरला जात नाही, पूर्णतः ऑनलाइन विषयांपैकी एकच, तोही फार तर ३ क्रेडिटपर्यंत, हिशेबात येतो, आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय सोडून १२ च्या खाली गेल्यास व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. या तिन्ही गोष्टी नोंदणीच्या पडद्यासमोर बसण्याआधी सांगायला हव्या होत्या. त्या कळल्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कार्यालयात.

तेथील कर्मचाऱ्यांचे मात्र कौतुक करावे लागेल. त्यांनी होल्ड त्याच दिवशी काढून दिला आणि वर्ग सुरू झाल्यानंतरच्या विषयबदलाच्या काळात रोज सकाळी रिकाम्या जागा पाहण्यास सुचवले. रसायनशास्त्राची जागा तिला याच मार्गाने मिळाली.

खोलीवाटपाला मी पाचपैकी साडेचार, ओरिएंटेशनला चार आणि विषयनोंदणीला दोन गुण देईन. विद्यापीठाने पाठवलेल्या अभिप्राय-पत्रात मी इतकेच सुचवले आहे की, परदेशी विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या विषयांत काही जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांची सल्लागाराशी भेट ते देशात येण्यापूर्वीच ऑनलाइन उरकून घ्यावी.