क्रोशासाठी सुती दोरा की अ‍ॅक्रिलिक लोकर?

तुळशीबागेत क्रोशाचे साहित्य घेताना हा प्रश्न हमखास पडतो. अ‍ॅक्रिलिक लोकर स्वस्त, हलकी आणि नाना रंगांत मिळणारी असली, तरी ती मुळात खनिज तेलापासून बनलेले प्लॅस्टिकच असल्याने धुताना तिचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. शिवाय पुण्याच्या एप्रिलमध्ये तिचा टॉप अंगात घालवत नाही. सुती दोऱ्याचे खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, रेखीव उठतात आणि घाम टिपला जातो, मात्र कापसाच्या पिकाला पाणी भरपूर लागते आणि माझा पहिला सुती टॉप स्वतःच्याच वजनाने गुडघ्यांकडे निघाला होता. तरीही अंगावरच्या कपड्याला मी सुतीच घेईन. दारावरच्या तोरणाला अ‍ॅक्रिलिक चालेल, कारण ते आमच्याकडे वर्षातून एकदाच, दिवाळीआधी धुतले जाते.